बॅटरी तात्यांच्या व्हरांड्यात

“सूनबाई, वास येतोय.”

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या तात्या मगदूमांचं डोकं वर आलं. मी दोरीवरची दुपटी काढत होते. दोन खांद्यावर, एक दातांत धरलेलं आणि सात महिन्यांची जुई कमरेवर. दुपटं तोंडातून काढून मी ओरडले, “कसला वास, तात्या?”

तात्यांशी ओरडूनच बोलावं लागायचं. सांगलीत माधवनगर रस्त्याला चाळीस वर्षं त्यांचं ट्रकच्या वायरिंगचं गॅरेज होतं. दिवसभर हॉर्न वाजवून बघण्यात दोन्ही कान गेले. बाकी माणूस ठणठणीत.

“जळल्याचा. वायरीचा. तुमच्या गाडीकडनं येतोय.”

मी नाक वर करून पाहिलं. मागच्या घरात कांदा करपला होता, कोपऱ्यावर कोणीतरी पाचोळा पेटवला होता आणि जुईच्या लंगोटातही काहीतरी घडल्याची शंका येत होती. “हो तात्या, बघते हं,” म्हटलं आणि आत गेले. बघितलं मात्र नाही.

त्याला कारण होतं. त्या एका महिन्यात तात्यांनी भिंतीवरून मला काय काय सांगितलं होतं! गॅसची नळी बदला. नारळाखाली बाळाला घेऊन बसू नका. टाकीचं झाकण उघडं आहे. दुधवाल्याची सायकल तुमच्या फाटकाला टेकवू देऊ नका, फाटक एका बिजागरीवर आहे. सगळ्याला माझं उत्तर एकच, “हो तात्या.” शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रत्नागिरीला निघायचं होतं. माझ्या धाकट्या भावाचं, सलीलचं लग्न. करवली मी, आणि अजून बॅगाही भरून झाल्या नव्हत्या.

खरं म्हणजे काळजी करणाऱ्या माणसाला मी हसावं, हे जरा अतिच होतं. आमच्या घरात मलाच ‘हवामान खातं’ म्हणत. टेबलाच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवले होते, प्लगच्या भोकांना झाकणं लावली होती, जुई झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. माझा नवरा निरंजन कामावर निघताना दारात थांबून विचारायचा, “काय, हवामान खातं, आज वादळ कुठल्या दिशेनं?” मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई. काय काय पेटतं आणि कशाचं काय होतं, हे जरा जास्तच माहीत होतं, एवढाच माझा दोष.

आता गाडीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जुईला गाडीत बसवलं की ती रडायची. कुरकुर नव्हे, टाहो. एकदा तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेलं, तर अंकलीच्या पुलापासून सुरू झाली ती थेट दवाखान्याच्या पायरीवर थांबली. येताना पुन्हा तेच. निरंजनच्या कानशिलाची शीर उडायला लागली, मी मागच्या सीटवर तिच्याबरोबर रडत होते. रत्नागिरी तर त्याच्या तिप्पट लांब, मध्ये आंबा घाट. आईला फोनवर म्हटलंसुद्धा, “मी नाही येऊ शकत. तू सलीलला सांग.” आईनं फोन वडिलांकडे दिला, वडिलांनी सलीलकडे, आणि सलील म्हणाला, “ताई, मग मी लग्न ऑनलाइन करतो.”

त्यानंतर आठच दिवसांनी कॉलनीतून एक वरात गेली. पुढे डीजेची गाडी, भिंती हादरवणारी. मी धावत जुईला उचलायला गेले, कानांत कापूस घालावा म्हणून. बघते तर बाईसाहेब पाळण्यात हातपाय पसरून गाढ. वरात लांब गेली, दणका बंद झाला, आणि ही जागी होऊन किंचाळायला लागली.

निरंजन हे सगळं दारात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

“ऋजुता, तिला बास पाहिजे!”

“काय?”

“बास. खालचा आवाज. धुम्म. पोटात असताना ऐकत होती ना, तुझ्या हृदयाचा.”

निरंजन सहकारी बँकेत संगणकांचं काम बघायचा. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून त्याने आमचा मिक्सर दुरुस्त केला होता, आणि त्यानंतर त्याला जगातली प्रत्येक गोष्ट उघडून बघावीशी वाटायला लागली होती. पुढच्या शनिवारी घरात एक खोकं आलं. त्यात वूफर, ॲम्प्लिफायर आणि बोटाएवढ्या जाडीची लाल वायर. वायर बॅटरीपासून निघून, इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यातून आत येऊन, कडेकडेने डिकीपर्यंत जायची होती. व्हिडिओतला माणूस हे सगळं शीळ घालत चाळीस मिनिटांत करत होता. निरंजनला दोन रविवार लागले. जागोजाग सोललेले कोपर, गाडीचे निम्मे अवयव व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडलेले, आणि जुई मध्ये बसून एक वॉशर तोंडात घालायच्या प्रयत्नात.

मी माझ्या परीने पहारा ठेवला होता. आवाज नऊ आकड्याच्या वर जाणार नाही, हा पहिला नियम. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन मी मागच्या सीटवर बसले आणि बाळाच्या कानाच्या उंचीवर धरून मोजलं. वूफरच्या खोक्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली. गाणी नकोत, नुसता पखवाज, तोही विलंबित, हेही मीच ठरवलं. पखवाजाची एक थाप पडली की सीटच्या पाठीतून ती अंगात उतरायची. जुईने तीन थापा ऐकल्या, जांभई दिली, चौथीला डोळे मिटले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून तोंडावर हात दाबून उड्या मारल्या.

एक भानगड झाली. थाप पडली की गाडीचे दिवे मंद व्हायचे आणि पुन्हा लागायचे. संध्याकाळी शंभर फुटी रस्त्यावरून आम्ही चाललो की समोरून येणाऱ्यांना वाटायचं, हे डोळे मारतायत. निरंजननं पुन्हा व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं की डायनामोकडून बॅटरीला चार्ज करणारी वायर बारीक आहे, तीही बदलायची. आणखी एक रविवार गेला. त्या रविवारी तात्या भिंतीवर हनुवटी टेकवून तासभर बघत होते.

“फ्यूज कुठं बसवलास, काँप्युटर?” निरंजनला ते याच नावाने हाक मारत.

“डिकीत, तात्या! बदलायला सोपा!”

“डिकीत? फ्यूज बॅटरीपाशी पाहिजे रं. टीचभर अंतरावर.”

“जागाच नाही तिथं! व्हिडिओत गाडी मोठी आहे!”

“व्हिडिओवाला येणाराय काय विझवायला?”

निरंजन हसला. मीही हसले. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते, आणि मला वाटलं, म्हाताऱ्याला बासचा त्रास होत असणार. नंतर लक्षात आलं, त्रास व्हायला त्यांना तो ऐकू तरी कुठे येत होता!

तर, वासाच्या त्या संध्याकाळी मी आत आले, बॅगा भरल्या, जुईला औषध दिलं. निरंजननं गाडी वास यायच्या जरा आधीच फाटकातून पुढे-मागे करत, स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवत कशीबशी आत घेतली होती, म्हणजे सकाळी नुसतं निघायचं. दात येत होते म्हणून जुईने रात्र जागवली. सकाळी पावणेसातला मी पैठणीची पिशवी मांडीवर, जुई कडेवर, पाण्याच्या बाटल्या पायाशी अशी मागच्या सीटवर बसले. निरंजननं देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

काही नाही. टिक् नाही, टुक् नाही. मीटरवरचा एक दिवाही लागला नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही. जुईने ओठ काढले.

निरंजन उतरला, बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला.

“काय झालं?”

“बॅटरी.”

“उतरली?”

“नाही. गेली. बॅटरीच नाहीये, ऋजुता. चोरीला गेली!”

मी बाहेर येऊन बघितलं. बॅटरीच्या जागी रिकामा चौकोन होता, आणि तिला जोडलेल्या वायरींची टोकं फडक्यात नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. मी म्हटलं, “अरे, चोर फडकं कशाला गुंडाळेल?”

“माझ्याकडं हाय,” भिंतीपलीकडून आवाज आला.

तात्या त्यांच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या खुर्चीवर, वर्तमानपत्र अंथरून, आमची बॅटरी ठेवलेली. पाहुणी आल्यासारखी. तात्या बशीतून चहा पीत होते.

“तुम्ही काढलीत?” निरंजनचा आवाज चिरकला. “कशी काढलीत?”

“तुझ्या दाराचं लॉक दोन वर्षं मोडलंय, साऱ्या कॉलनीला ठाऊक हाय. आणि बॅटरी काढायला मला किती वेळ लागतोय?”

“अहो पण आम्हाला निघायचंय! लग्न आहे!”

“ठाऊक हाय. देणार न्हाई.”

निरंजननं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्याच क्षणी माझा फोन वाजला. आई. “निघालात का गं? कुठवर आलात?” जुई रडायला लागली होती. मी “निघतोच आहोत” म्हणून फोन ठेवला, आणि रात्रभरच्या जागरणाचं, दातांचं, बॅगांचं, सगळं एकदम माझ्या तोंडात आलं. मी भिंतीपाशी गेले.

“तात्या, हे अती झालं. कोणी विचारत नसताना रोज उठून सल्ले देता, ते आम्ही ऐकून घेतो. एकटे आहात, वेळ जात नाही, आम्हाला समजतं. पण म्हणून दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा? माझ्या भावाचं लग्न आहे हे! तुमचा करमणुकीचा कार्यक्रम नाही!”

हे सगळं मी ओरडून बोलले, त्यांना ऐकू जावं म्हणून. समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या.

तात्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता हेही ओरडतील. ते फक्त उठले, आतून बॅटरी घेऊन, म्हणजे हातातली विजेरी घेऊन आले आणि फाटकातून आमच्याकडे आले. निरंजन पुढे झाला तर त्याला हाताने अडवलं.

“तू थांब. तुला सगळं येतंय, तुला दिसायचं न्हाई. सूनबाईला बघू दे. ती बघणारी हाय.”

मी जुईला निरंजनच्या हातात दिलं. तात्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं. “बस खाली. गुडघ्यावर. पेडलच्या वर हात घाल. लाल वायर लागती का?”

लागली. गुळगुळीत, थंड.

“तिच्यावरनं बोट वर ने. हळू.”

गुळगुळीत. गुळगुळीत. मग खरखरीत. मग काहीतरी टोचलं आणि मी हात मागे घेतला. बोटाच्या टोकावर रक्ताचा बारीक ठिपका होता. तात्यांनी विजेरीचा झोत वर टाकला. लाल कातडं दोन बोटं लांब सोलून निघालं होतं आणि आत तांबं चमकत होतं, नवीन, सुंदर, सोन्यासारखं. काही तारा तुटून, टोकाला काळ्या पडून बाहेर आल्या होत्या.

“आता हे बघ.” त्यांनी बाहेरून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. वरचा लोखंडी दांडा फिरला आणि त्याचा जाड सांधा बरोब्बर त्या उघड्या तांब्यावर येऊन टेकला.

“काल संध्याकाळी गाडी आत घेताना ह्या दोनचार तारा जळाल्या. त्याचाच वास. आज सगळ्या जळणार होत्या. रत्नागिरीला जाताना वळणं किती?”

तांबं किती अंशांना वितळतं, हे मला पाठ होतं. एक हजार पंच्याऐंशी. परीक्षेत लिहिलं होतं.

निरंजन वाकून बघत होता. त्याच्या खांद्यावर जुई गप्प झाली होती. तो म्हणाला, “पण मी व्हिडिओत दाखवलं तस्सं केलंय, तात्या. उजव्या बाजूनं.”

“व्हिडिओवाल्याचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला होतं?”

निरंजन डोळे मिटून व्हिडिओ आठवायला लागला. परदेशातली गाडी. स्टिअरिंग डावीकडे. त्या माणसानं वायर उजवीकडून, शेजारच्या रिकाम्या सीटच्या पायांपाशी नेली होती. निरंजननंही उजवीकडूनच नेली. आपल्याकडे उजवीकडे ड्रायव्हर बसतो. व्हिडिओ मी त्याच्या शेजारी बसून बघितला होता. चार वेळा.

“पण फ्यूज आहे ना,” तो त्यांच्या कानाशी म्हणाला.

“डिकीत. आणि आग तुझ्या पायात. फ्यूज बसलाय मागं, त्याला पुढचं काय कळणार? बॅटरी अख्खी हितं रिकामी होणार.” तात्यांनी तुटलेली एक तार पकडीत धरून ओढून काढली, केसाएवढी. आम्हाला घेऊन आपल्या व्हरांड्यात जाऊन बॅटरीच्या दोन खुंट्यांवर पकडीने आडवी टेकवली. पापणी लवायच्या आत ती लाल झाली आणि नाहीशीच झाली. जळल्याचा तोच वास आला. “हा एक केस. वायरीत असले पाचसहाशे असतील.”

मग जुईने हात पुढे करून त्या बॅटरीकडे झेप घेतली आणि तात्या तिच्यावर डाफरले, “ए! लांब!” मला ते इतकं बरं वाटलं की मी एकदम हसले आणि जुईला निरंजनकडून ओढून घेतलं.

“सूनबाई, चहा टाक,” तात्या म्हणाले. “काँप्युटर, पाना आण. दोन तासांचं काम हाय. हळदीला पोचवतो तुम्हाला.”

दोघं भिडले. वायर डावीकडून घेतली. पत्र्याच्या भोकात तात्यांनी जुन्या डब्यातून शोधून रबरी बूच बसवलं, फ्यूज बॅटरीपासून टीचभर अंतरावर, स्वतः वीत टेकवून मोजून. डायनामोच्या वायरीचे दोन्ही जोड उघडून पुन्हा आवळले. मध्येच “हे बघ, हे मात्र चांगलं केलंस,” असं एकदा म्हणाले, तर निरंजन शाळेतल्या मुलासारखा लाल झाला.

शेवटी सगळं जोडून झाल्यावर निरंजननं हात पुसले. तात्या म्हणाले, “अजून झालं न्हाई. फ्यूज उडव.”

“म्हणजे?”

“आमच्या गॅरेजात रीत होती. फ्यूज मालकाच्या हातानं एकदा उडवून दाखवल्याशिवाय गाडी द्यायची न्हाई. डिकीतलं टोक काढ, पत्र्याला लाव.”

“चांगला फ्यूज मुद्दाम उडवू?”

“न उडालेला फ्यूज चांगला, हे तुला कोणी सांगितलं?”

निरंजननं डोळे बारीक करून, तोंड फिरवून वायरीचं टोक पत्र्याला टेकवलं. पुढे बॉनेटमध्ये ‘टक्’ झालं. एवढंच. ठिणगी नाही, धूर नाही. जुईला तो ‘टक्’ भयंकर विनोदी वाटला. ती खदाखदा हसली, आणि तिच्यासाठी तात्यांनी आणखी एक फ्यूज उडवला. तिसरा मात्र लावून बॉनेट बंद केलं.

साडेनऊ वाजले होते. मला माफी मागायची होती, पण ती ओरडून कशी मागतात ते मला येत नव्हतं. समोरच्या खिडक्या अजून उघड्याच होत्या. मी म्हटलं, “तात्या, तुम्ही पण चला!”

“कुठं?”

“लग्नाला!”

“मला कोण वळखतंय तिथं?”

“मी ओळखते!”

तात्या आत गेले आणि दहा मिनिटांनी पांढरा शर्ट घालून आले. खिशाला टेस्टर अडकवलेला. “लग्नात ह्याचं काय काम?” निरंजननं विचारलं. “मांडवात वायरिंग असतंय,” तात्या म्हणाले.

पुढच्या सीटवर आहेराची भांडी होती, त्यामुळे तात्या मागे माझ्या शेजारी बसले, मध्ये जुई. मलकापूर सोडलं, जुई चुळबुळायला लागली, निरंजननं पखवाज लावला. आवाज नऊवर. ती चौथ्या थापेला झोपली. घाट सुरू झाला. स्टिअरिंग उजवीकडे गेलं की माझी बोटं आपोआप वळत होती, आणि डावीकडे आलं की सुटत होती. तात्या बाहेर बघत बसले होते. अचानक त्यांनी मान वळवली.

“हे काय वाजतंय?”

“पखवाज!” मी त्यांच्या कानाशी म्हटलं. “तुम्हाला ऐकू येतंय?”

“ऐकू न्हाई.” त्यांनी सीटच्या पाठीवर पंजा पसरून ठेवला आणि थाप पडेपर्यंत थांबले. मग दुसरी. मग तिसरी. “लागतंय की,” ते म्हणाले. “अगं, लागतंय की हाताला!”

घाट उतरून साखरपा आलं तरी त्यांनी पंजा काढला नाही. बायकोच्या माहेरी भजनं व्हायची, त्यात तिचा भाऊ पखवाज वाजवायचा, एवढंच सांगितलं. मी निरंजनला म्हटलं, “दहावर कर.” तो आरशातून माझ्याकडे बघतच राहिला.

पालीच्या आधी मी विचारलं, “तात्या, पहाटे दार वाजवून सांगायचं होतं ना आम्हाला.”

“पोर रात्रभर रडत होतं, खिडकीत दिसत होतीस तू. आणि सांगितलं की. फ्यूजचं सांगितलं, वासाचं सांगितलं. तुम्ही ‘हो तात्या’ म्हणाला.” ते हसले. “लगेच हो म्हणणारं माणूस ऐकत नसतंय, सूनबाई. भांडणारं ऐकतं. म्हणून म्हटलं, भांडू दे.”

थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “एकदा मी गाडी फ्यूज न उडवता दिली होती. मालकाला घाई होती, मी पण हो म्हटलं. गाडी पेटली पेठनाक्याला. ड्रायव्हरनं उडी मारली म्हणून वाचला. नाव महादेव होतं.”

चार वाजता आम्ही हळदीला पोचलो. जुई झोपून ताजीतवानी, सगळ्यांच्या मांड्यांवर फिरून आली. सलीलच्या लग्नातल्या फोटोंत तात्या फक्त एका कोपऱ्यात दिसतात, मांडववाल्याच्या माणसाला तीन ठिकाणचे जोड बदलायला लावताना. त्या दिवसापासून आमच्या घरात हवामान खात्याची दोन केंद्रं झाली. भिंतीवरून काही सांगितलं की मी भांडायला लागले. “कशावरून? का? दाखवा!” आणि तात्या खूश होऊन दाखवायचे.

याला आता आठ वर्षं झाली. निरंजनची नोकरी बदलली, आम्ही नागपूरला आलो. जुई तिसरीत आहे. मी दर रविवारी तात्यांना फोन करते. त्यांनी कानाला यंत्र लावलंय, तरी बोलणं ओरडूनच. आणि दर रविवारी ते मला काहीतरी बजावतात. गिझर, गच्ची, जुईची व्हॅन.

हे आत्ता लिहायला बसले, त्याचं कारण गेला रविवार. निरंजन इलेक्ट्रिक स्कूटर घेतोय, आणि तिच्या चार्जिंगची वायर तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरातून खिडकीवाटे खाली पार्किंगपर्यंत स्वतःच टाकणार आहे, असं मी तात्यांना सांगितलं. मुद्दाम सांगितलं. म्हटलं, आता तासभर तरी ऐकावं लागणार. फोन कानापासून लांब धरला.

तात्या म्हणाले, “करा. चांगलं हाय.”

मी म्हटलं, “त्या सॉकेटला अर्थिंग नाही, तात्या!”

“असू दे.”

जेवलात का विचारलं, तर म्हणाले, झालं. त्यानंतर तीन दिवस फोन वाजतो आणि कोणी उचलत नाही. त्यांचा मुलगा मस्कतला असतो, तो म्हणाला, “बाबांचं माझ्याशी रविवारीच बोलणं झालं, ठीक आहेत. तुम्ही उगाच काळजी करता.” आमच्या वेळचे शेजारी कॉलनी सोडून गेले. मला आठवा महिना आहे, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलंय, आणि मला इथे एकटं टाकून निरंजनला जाता येत नाही. सगळे म्हणतात, हवामान खातं पुन्हा सुरू झालं. म्हणोत.

तुमच्यापैकी कोणी सांगलीत असेल, तर एवढं करा. शंभर फुटी रस्त्यावरून आत यशोधन कॉलनी लागते, उजवीकडचं चौथं घर, निळं फाटक. गाडी किंवा सायकल, जे असेल ते, त्या फाटकाला अगदी चिकटून आडवं लावा. मग आत जा. तात्यांनी तुम्हाला झापलं तर त्यांच्याच फोनवरून मला लगेच कळवा, मी निवांत झोपेन. आणि “असू दे, चांगलं हाय” म्हणाले, तर कृपा करून तिथून हलू नका. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसा आणि मला फोन लावा.